बर्फाची होडी

काका आधी वास घ्यायचे, मग बोलायचे.

गाडी कुठलीही असो, बॉनेट उघडण्याआधी ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढायचे, डोळे मिटून नाक जवळ न्यायचे आणि निकाल द्यायचे. "शिळं झालंय." नाहीतर, "ऑइल जास्त पडलंय." हीच तपासणी माझ्या डब्याचीही व्हायची. जेवणाच्या सुट्टीत केबिनच्या दारातूनच हाक यायची, "मॅडम, आज मेथी. आणि लसूण जरा करपलाय." करपलेला असायचाच. शारजाच्या अल मजाजमधून ट्रॅफिकच्या आधी निघून दुबईचं जबल अली गाठायचं, तर लसणाकडे बघत कोण बसणार? पण आपल्या फोडणीचा पंचनामा मेकॅनिकनं करावा, याचा मला भारी राग यायचा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. असतंच.

आमचं ऑफिस म्हणजे जबल अलीतलं एक मोठं गोदाम. मालक वयस्कर अरब गृहस्थ. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. मी कागदपत्रं सांभाळायचे, काका गाड्या सांभाळायचे. काका मूळचे दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे. तरुणपणी मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, मग इकडे आले आणि इकडचेच झाले. बायको गावाला, हे कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत. वर्षातून एकदा महिनाभराची सुट्टी, तीही कधी मिळायची, कधी नाही.

या गोदामात एक अजब वस्तू होती. स्नोमोबाइल. पुढे घसरायला दोन लांब फळ्या, मागे रुंद रबरी पट्टा आणि मध्ये मोटरसायकलसारखी सीट. अरबाब तरुणपणी कुठल्याशा थंड देशात शिकायला होते, तिथे बर्फावर ही चालवायचे, आणि परत येताना बरोबर घेऊन आले. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कपाळावर हात मारला. म्हटलं, "काका, या वाळवंटात बर्फावरची गाडी? डोकं ठिकाणावर आहे का लोकांचं!"

काकांना ते लागलं. "मॅडम, नावं ठेवू नका. ही होडीच हाय. पाणी गोठलंय, एवढाच काय तो फरक."

आणि मग त्या होडीनं माझा छळ मांडला. इथल्या उन्हाळ्यात तिचा रबरी पट्टा कडक होऊन तडकायला लागला, म्हणून काकांनी अरबाबना सांगून ती एसीत हलवली. एसी कुठे? माझ्या केबिनमध्ये! पोरं गोदामात घाम पुसतायत आणि ही बया माझ्या खुर्चीमागे गारेगार बसलेली. दर रविवारी काका यायचे, पट्ट्याला ग्लिसरीन चोळायचे आणि तो हातानं थोडा फिरवून ठेवायचे, नाहीतर म्हणे एकाच जागी वाकून बसतो. इंजिनाचे पार्ट कुठेच मिळत नव्हते. एक वर्षानं सापडायचा, दुसरा हे स्वतः पत्रा घासून बनवायचे. ती काही सुरू होत नव्हती. मी चिडवायचे, "काका, द्या नाद सोडून." ते म्हणायचे, "रुसलीय हो. बिघडलेली नाय."

मग अरबाबचं वय झालं आणि कारभार धाकट्या मुलानं हातात घेतला. त्यानं एकदा सगळं गोदाम फिरून साफ सांगितलं, ज्या गाड्या चालतात त्या राहतील, बाकी सगळ्या विकायच्या. बर्फगाडीसमोर थांबून म्हणाला, "बाबा शनिवारी बघायला येणार आहेत. त्या दिवशी चालली तर ठीक, नाहीतर खलास."

काकांचा चेहरा पडला. तो गेल्यावर सीटवर हात ठेवून म्हणाले, "ही गेली तर मी इतकी वर्षं इथं केलं काय?"

त्या दिवसांत काकांचं काहीतरी बिनसलं होतं, हे आता मागे वळून पाहताना कळतं. दारातून डबा ओळखणं बंद झालं होतं. ते आत येऊन विचारायचे, "आज काय आणलंय?" अंगाला अत्तर तर इतकं, की पोरं म्हणायची, "काका, लग्नबिग्न ठरवलंय काय?" आणि टाकीचं झाकण काढून ते माझ्यापुढे धरायचे. "बघा बरं, शिकून घ्या. कसा वाटतो?" मला वाटायचं, काका मला हौसेनं शिकवतायत. मीही शहाण्यासारखी नाक खुपसून सांगायचे, वार्निशसारखा, आंबूस, गोडसर. ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे.

शनिवार उजाडला. ही गाडी कोरड्या जमिनीवर चालवता येत नाही. पट्टा ज्यावरून सरकतो ते भाग बर्फाच्या ओलाव्यावाचून जळतात. म्हणजे बर्फ हवा, आणि तोही टेम्पोभर. काका म्हणाले, "माझ्यावर सोडा." सकाळी ते पिकअप घेऊन आले आणि गोदामाच्या दारात पांढऱ्याशुभ्र बर्फाचा लांबलचक पट्टा अंथरला. मी बघायला बाहेर आले आणि तशीच मागे फिरले. काका रे काका! मासळी बाजारातला बर्फ! गावाकडचा कोणी ओळखीचा तिथे होता, त्याच्याकडून माशांच्या पेट्यांतला उचलून आणला होता. सगळी पोरं नाकाला रुमाल लावून उभी.

काका मात्र मधोमध उभे राहून समाधानानं म्हणाले, "काय स्वच्छ बर्फ हाय बघा!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते चेष्टा करत नव्हते. मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?" म्हणाले, आणि माझा चेहरा बघून त्यांना कळलं. मग एका रिकाम्या पेटीवर बसले. "त्या साथीच्या तापात गेला. सगळ्यांचा परत आला, माझा नाय आला. कुणाला सांगणार, मॅडम? नाकावर तर पोट हाय माझं. अरबाबना कळलं तर म्हणतील घरी जा. जाईन की! पण हिला चालू केल्याशिवाय नाय जायचं मला."

इतके दिवस काका माझ्या नाकानं काम करत होते आणि मला पत्ता नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "कसला वास हाय पण? बांगडा की सुरमई?"

"मला काय माहीत! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

तेव्हा कुठे ते हसले. म्हणाले, "मग आज नाक तुमचं, हात माझे. धूर गोडसर आला तर चांगला. रबर जळल्याचा आला की लगेच हात वर करा."

अरबाब काठी टेकत आले. त्यांनी नाक मुरडलं. "ये बरफ है या मछली?"

"दोनों है, अरबाब," काका म्हणाले. म्हातारा खो खो हसला. मुलगा मात्र हसला नाही.

पोरांनी गाडी केबिनमधून ढकलत बर्फावर आणली आणि काकांनी स्टार्टरची दोरी ओढली. गाडी नुसती खोकली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मुलानं मोबाइल काढला. मी ऑफिसची साडी आवरून गुडघ्यावर बसले आणि इंजिनाशी नाक नेलं. "काका, कच्च्या पेट्रोलचा वास येतोय! भरपूर!"

"मग जास्त प्यायली," म्हणाले. त्यांनी पेट्रोलचा नळ बंद केला, प्लग काढून पुसला, जरा दम खाऊ दिला. मग दोरी ओढली, आणि काय सांगू, गोदाम दणाणलं! निळा, गोडसर धूर. मी ओरडले, "गोड आहे, काका, गोड आहे!" पोरांना वाटलं, मॅडमना वेड लागलं.

काकांनी हात देऊन अरबाबना सीटवर बसवलं, स्वतः मागे बसले आणि बर्फावरून गाडी सरकली. बर्फ संपत आला तसा मला रबराचा वास आला. मी हात वर केला, काकांनी लगेच बंद केली. अरबाब हँडल धरून तसेच बसून राहिले. मग मुलाला म्हणाले, "ये किधर नहीं जाएगा."

नाकाचं काकांनी मग स्वतःच सांगून टाकलं. अरबाब म्हणाले, काम करू नको, बसून चहा पी. काकांना ते पटलं नाही. "बसून चहा प्यायला गावाला बायको हाय की," म्हणाले.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. तिच्यातून कामावरची निळी डांगरी काढून माझ्यापुढे धरली. "मॅडम, शेवटचं काम. हिला वास येतो का बघा. सुट्टीला गेलो की बायको बॅग उघडून पयल्यांदा बोंबलते, ऑइलचा वास, ऑइलचा वास! त्याशिवाय मी आलो असं तिला वाटतच नाय."

मी नाक लावलं. नुसता साबण आणि अत्तर. आपल्या अंगाला घाण वास येत असेल या भीतीनं त्यांनी ती धुऊन धुऊन पार विटवली होती.

"येतो ना?"

"येतो की! डोकं उठलं माझं," मी म्हटलं.

ते बॅग तिथेच ठेवून सगळ्यांचा निरोप घ्यायला बाहेर गेले. मी दार लावलं, खुर्चीमागच्या बर्फगाडीचं बॉनेट उघडलं आणि डांगरीची कॉलर, बाह्या, खिसे, सगळं त्या तेलकट इंजिनावर मनसोक्त पुसलं. मग ती घडी घालून बॅगेत ठेवली. संध्याकाळी घरी गेले तर लेक म्हणाली, "मम्मा, यू स्मेल लाइक अ गराज!" त्या दिवशी मला ते आवडलं.

आता माझ्या डब्याला कोणी नावं ठेवत नाही. रविवारी पट्ट्याला ग्लिसरीन मीच चोळते. लसूण अजून करपतो.

काकांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला होता. ते काही बोलायच्या आधी मागून बाईंचा आवाज ऐकू आला, "अवो, ती ब्याग पयली पडवीत नेऊन ठेवा! घरभर वास मारतोय!"

काकांनी तिला 'नेतो की' असं ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "ऐकलंत ना, मॅडम? पोचलो मी."