नेमवालीची निळी रेघ

सकाळी दूध वर यायच्या बेतात होतं, एक मोजा सापडत नाही म्हणून आमच्या ह्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारं माणूस माझ्या ओळखीत एकच. तिच्या हातात सदा पेचकस असतो, त्याच्या मुठीनेच ती वाजवते.

दारात नेमवाली उभी होती. पलीकडच्या गल्लीत तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पुढच्या दिव्यांचा नेम धरून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून हे नाव पडलं. वडिलांचं गॅरेज भावाला मिळालं, हिला हा पेचकस. "तू काय उजेड पाडणार," असं भाऊ तेव्हा म्हणाला होता. ती हे हसत सांगते, कारण आता त्याची गिऱ्हाइकं दिव्यांसाठी हिच्याकडेच येतात.

दुकानापुढे उतार, त्यामुळे हे काम ती आमच्या इमारतीमागच्या सपाट फरशीवर करते. तिथल्या भिंतीवर अकरा वर्षांपूर्वी रीतसर विचारून तिने एक उभी निळी रेघ ओढली आणि तिच्यावर पट्टीसारख्या इंचांच्या खुणा केल्या. दिवेलागणीला गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर लावायची, दिव्याची उंची मोजायची आणि मागचा स्क्रू फिरवत उजेडाची वरची कड त्या उंचीच्या दोन इंच खाली आणायची. आमच्या गाडीच्या वेळी तिने आधी डिकीतलं तांदळाचं पोतं उतरवायला लावलं, मग चाकांतली हवा पाहिली, मग मलाच चालकाच्या जागी बसवलं.

"वहिनी, हलू नका. तुमचं वजन धरून नेम बसतोय."

किती धरलंस, विचारलं तर म्हणाली, ते स्क्रूला आणि मला माहीत, बाहेर फुटायचं नाही.

त्यानंतर मला रस्त्याची कड दिसायला लागली, खड्डे दिसायला लागले, आणि समोरून येणारे माझ्यावर दिवे उघडझाप करून डाफरायचे थांबले.

पण आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी नवी उंच गाडी घेतली आणि त्यांना हवे होते दिवे वर. लांबचं दिसलं पाहिजे, हा हट्ट. तिने परोपरीने समजावलं, की वर केलेला उजेड रस्त्यावर पडतच नाही, समोरच्याला आंधळा करतो, आणि तो आंधळा तुमच्याच अंगावर येत असतो. अध्यक्ष ऐकतात थोडेच. परवा त्यांनी ह्यांच्यामार्फत निरोप धाडला. हे कमिटीचे चिटणीस. दिवे वर कर, नाहीतर शुक्रवारी रंगारी येतील, रेघ पुसली जाईल आणि पुन्हा ओढायची नाही.

आज शुक्रवार. भिंत गेली तर तिचा निम्मा धंदा बसणार. मला वाटलं, नमतं घ्यायला आली बिचारी. ह्यांनाही तसंच वाटलं असावं. एका पायात मोजा घालून बाहेर आले आणि सुटल्यासारखे म्हणाले, "दोन इंचांचा तर प्रश्न आहे. करून टाक वर, मिटेल विषय."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"भिंतीवर दोन इंच, साहेब. रस्त्यावर तेच कुणाच्या तरी डोळ्यांत जातात," ती म्हणाली. "दिव्याचा नेम स्क्रूने बदलतो. माझा नेम नाही बदलत."

हे बोटाने मोज्याचं भोक चाचपत राहिले. दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला. रंगाचे डबे आमच्या जिन्याखालच्या खोलीत होते आणि त्या खोलीची किल्ली आमच्या फ्रिजवर. ती उचलून मी मुठीत धरली. ह्यांनी पाहिलं.

"मग अध्यक्षांना काय सांगू?" ह्यांनी तिला विचारलं.

"सांगा, दिवे वर होणार नाहीत. भिंत खुशाल रंगवा, हवा तो रंग द्या. माझी रेघ तेवढी सोडा."