एक पाय जमिनीवर

महाडच्या स्टँडवरून आमची कुडपणची एसटी सुटायची वेळ झाली, तरी एक माणूस दारातच उभा. एक पाय पायरीवर, दुसरा खाली फलाटावर. त्याची बायको बाजारात सुकट आणायला गेली होती.

कंडक्टरने डबल बेल मारली. "वर चढा ओ!"

"चढतो की. ती येऊ दे."

दारालगतच्या बाकावर मी आणि आमचे हे बसलो होतो. तो मलाच सांगू लागला. परदेशी प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर कामाला होता म्हणे.

"बंदरात फिरायला गेलेले पॅसेंजर उशिरा येतात, पिशव्या सांडत धावतात. आमी वरून बघतो. बोट नाय थांबत. एकदा नवरा वर पोचला नि बायको धक्क्यावरच रायली. तवाच ठरवलं, आपली येईस्तोवर आपला एक पाय जमिनीवर."

गाडीत आरडाओरडा सुरू झाला. तेवढ्यात ती आली. धावत नव्हती हो! पदर सावरत, पिशवी सांभाळत, अगदी सावकाश. ती चाल बघून माझ्या पोटात असं दुखलं की सांगता सोय नाही.

"लोकांचा खोळंबा नुसता," आमचे हे पुटपुटले.

पोलादपूरला मी मुद्दाम उतरले. पाण्याची बाटली घेतली आणि तिच्यासारखीच सावकाश निघाले. गाडी हलली. शेवटी धावलेच.

"थांबवा, बाई रायल्या!" आतून तोच ओरडला.

धापा टाकत चढले. आमचे हे खिडकीशी निवांत बसले होते. माझ्या जागेवर मात्र आठवणीने रुमाल टाकून ठेवला होता.