गॅलरीचा सौदा

कुणी पुण्यात फ्लॅट घेतला असं सांगितलं की ती घटना मला आजही आठवते. गुन्हा फसवणुकीचा, तसा नेहमीचाच. पण त्या तपासात मी काही वेळ गिऱ्हाईक होऊन बसलो होतो आणि ते सोंग पुरतं सोंग नव्हतं.

शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याची परीक्षा देऊन मी उपनिरीक्षक झालो आणि बदलीवर कळमनुरीला आलो. एके दिवशी हजेरी आटोपताना सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर लेकीला घेऊन ठाण्यात आल्या. मुलगी पुण्यात कंपनीत नोकरीला. आमच्याच तालुक्यातल्या डोंगरकडा गावचा एक जण पुण्यात घरांची दलाली करायचा. त्यानं दोघींना एक फ्लॅट दाखवून इसार घेतला होता आणि आता खरेदीखताला टाळाटाळ चालवली होती. फोन मात्र उचलायचा, गोड बोलायचा.

"इसार परत पाहिजे का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब, घर पाह्यजे," सिस्टर म्हणाल्या. "त्याला जरा दम द्या, बस."

"भाड्यानं का राहत नाही पोरगी?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलगीच बोलली. "खोली पसंत पडते, सर. भाडंही ठरतं. मग आडनाव विचारतात. ते सांगितलं की नेमकी घरमालकाच्या भावाला खोली लागते. पुण्यात प्रत्येकाला असा एक भाऊ आहे."

तिनं हे हसत सांगितलं. आई हसली नाही. "आमी बौद्ध, साहेब. मी सुया टोचून टोचून लेकरू शिकवलं. आता तिच्या मालकीचं दार असलं की कोण काय इचारील?"

अर्ज वरिष्ठांपुढे ठेवला. "दिवाणी बाब आहे, समज देऊन मिटवा," असा शेरा पडला. मी तापट माणूस. त्यांच्या खोलीतून निघताना दार जरा जोरात लागलं. पण कायद्यानं ते अगदीच चूक नव्हते. नुसता उशीर हा गुन्हा होत नाही. फसवण्याचा हेतू पहिल्यापासून होता, हे दाखवावं लागतं.

थोड्याच दिवसांत आमच्या बीट जमादाराला वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं खबर दिली. "तुमचा फ्लॅटवाला ट्रॅव्हल्सनं उतरतो अन् माझ्याकडं बसून लोकांना फोटो दाखवून राहिला. चहा एक, टेबल दिवसभर!"

शेजारच्या ठाण्याला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि साध्या वेशात फाट्यावर गेलो. पंच बाजूच्या टेबलावर भजी खात बसले. नवा असल्यामुळे माझा चेहरा इकडे कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"मामा, पोरगं पुण्याला काय?" दलालानं आपणहून विचारलं.

"व्हय."

त्यानं मोबाइल पुढे धरला. सिस्टरनं सांगितलेली तीच गॅलरी, सिमेंटचा बसका कट्टा, समोर टेकडी. मी फोटो ओळखला, तरी लगेच खाली ठेवला नाही. आम्ही मेंढरं राखणारे. बाप पावसाळा सोडून घरी नसायचा. पुढे माझी सगळी नोकरी गळक्या क्वार्टरमध्ये गेली. त्या कट्ट्यावर मला आमची मंडळी दिसली, संध्याकाळी तांदूळ निवडत बसलेली. बदलीचा आदेश आला म्हणून भांडी बांधायची नाहीत, असं एक घर. मुलगा पुण्यात होताच. क्षणभर मी खरोखर भाव करू लागलो.

त्यानं किंमत सांगितली, मी निम्म्याला मागितला.

"मामा, निम्म्यात तर पुण्यात मोरीबी येत न्हाई!"

"मग मोरी ठेव तुझ्याकडं. बाकीचं दे."

तो हसला. मी थोडं वर सरकलो आणि अडून बसलो. त्यानं चहाचा घोट घेतला नि म्हणाला, "तुमच्यासाठी म्हणून सोडतो. पण इसार आजच."

माझं डोकं तापलं. सौदा खरा असता तर तो फ्लॅट त्या भावात मिळाला नसता. लहानपणी मी हिंगोलीच्या बाजारात बोकड विकलेत. पोसलेल्या बोकडाचा भाव पाडला की धनी शिव्या देतो, दावं ओढून चालायला लागतो. चोरीचा बोकड विकणारा कधी भांडत नाही.

"मालकाला फोन लाव," मी म्हणालो.

"मालक फॉरेनला हाय."

"मग त्याला न विचारता भाव कुणी सोडला?"

तो उठायला लागला तेव्हा जमादारानं खांद्यावर हात ठेवला.

ठाण्यात आधी तो ताठच होता. "तुमाला दाखवला तो येगळा, बाईंचा येगळा. एका बिल्डिंगमधी समदे फ्लॅट सारखेच, साहेब." मी त्याला बोकडाची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "चल, सारखे आहेत तर दुसऱ्या फ्लॅटचा मालक दाखव." मग तो कबूल झाला. त्या फ्लॅटची मालकीण पुण्यातच होती. भाडेकरू बघ म्हणून तिनं किल्ली दिली होती. त्याच किल्लीवर त्यानं तो कितीतरी घरांना विकला होता.

"लोक कागद मागत नव्हते?" मी विचारलं.

"पैसेवाला वकील घेऊन येतो. त्याच्या नादी मी लागतच न्हाई. ज्याला भाड्याच्या दारातून माघारी लावलंय, आडनावापायी, मटणापायी, पोरगी एकटी म्हणून, त्याला मी गाठतो. एवढंच म्हणायचं, हितं तुमाला कोणी काही इचारणार न्हाई. मंग तो कागद कशाला मागतो?"

"आणि तू कुठं राहतोस?"

"खोलीत, पार्टनरमधी. दलालाला कोण घर देतंय, साहेब?"

गुन्हा उघडकीस आल्याचं पत्रकारांना त्याच वरिष्ठांनी सांगितलं, ज्यांना ती दिवाणी बाब वाटली होती. माझं नाव कुठं आलं नाही. मी ते विसरलेलो नाही.

मायलेकींना घेऊन फ्लॅटच्या पंचनाम्यासाठी पुण्याला गेलो. मालकिणीनं कुलूप काढलं. सिस्टर सरळ गॅलरीत गेल्या, कट्ट्यावर हात फिरवला, म्हणाल्या, "हाच." मग हळूच मला सांगू लागल्या, बुद्धाची मूर्ती कुठं ठेवायची होती, पोरीचं टेबल कुठं.

पंचांच्या सह्या झाल्या. इतका वेळ उंबऱ्याबाहेर थांबलेली मुलगी आत आली नि मालकिणीला म्हणाली, "मॅडम, भाड्यानं द्यायचाय ना? मी घेते."

मालकीण चांगल्या घरची, बोलायला मऊ. "हो, द्यायचाय की. पूर्ण नाव काय तुमचं?"

मुलीनं नाव सांगितलं. आडनावाशी आवाज जरासुद्धा उतरू दिला नाही.

"बरं," मालकीण म्हणाली. "कळवते."

माझ्या मुठी वळल्या. आयुष्यभर मी भाजीपासून बोकडापर्यंत भाव केला, पण तिथं भाव करायला काहीच नव्हतं. सिस्टर लेकीचा हात धरून जिना उतरल्या.

दलालावर दोषारोपपत्र गेलं, खटला चालू आहे. मी निवृत्त झालो, हिंगोलीत भाड्याच्या घरात राहतो. त्या तपासानं मला एवढंच शिकवलं की असा माणूस दुकान मांडतो ते कुणाच्या तरी बंद दारापुढे. दुकानदाराला आम्ही बेड्या घालून नेतो, दार मात्र तसंच राहतं. मुलगी अजून खोल्या बदलत फिरते. मालकिणीचं कळवणं आलेलं नाही.