भोक पडलेलं पान

माझी आत्या कुणाला माफ करत नाही, आणि तिचा हाच गुण मला सगळ्यात जास्त आवडतो. आमच्या घरात माफ करणाऱ्यांची काही कमी नाही. माझा बाप, म्हणजे तिचा भाऊ, तर पायावर पाय देणाऱ्याचीच आधी क्षमा मागतो. आत्या मात्र हिशेब मनात ठेवते, आणि वेळ आली की शांतपणे चुकता करते.

ती रबरी ठसे कोरते. कचेरीतले गोल शिक्के नव्हेत. भेटकार्डांवर, कापडी पिशव्यांवर, पडद्यांवर उमटवायची फुलं, पाखरं, किटल्या, आळस देणारी मांजरं. तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल आहे. त्यावर शाईचे डाग इतके की मूळ लाकडाचा रंग आता कुणालाच आठवत नाही. पेन्सिलीनं काढलेलं चित्र ती मऊ रबरावर पालथं घालते आणि चमच्याच्या पाठीनं घासते. चित्र रबरावर उलटं उतरतं. मग पात्याचं टोक रेघेला टेकवून ती रबर फिरवते. हात जागचा हलत नाही, फिरतं ते रबर. "हात फिरवणारा फार तर बटाटा सोलेल," असं ती नवशिक्यांना सांगते. आणि कड कोरताना पातं नेहमी बाहेरच्या बाजूला कलतं, म्हणजे रेघेला खाली पाया राहतो. आतून पोखरलेली रेघ चार दिवस छान उमटते आणि पाचव्या दिवशी मोडते. हे ती माणसांबद्दलही म्हणायची, आणि म्हणताना वरच्या मजल्याकडे बघायची.

वर तिची धाकटी जाऊ राहते. मी तिला मनातल्या मनात नुसतं धाकटी म्हणते, कारण काकी म्हणायला जीभ वळत नाही. गोगलगाय नि पोटात पाय. तोंडात सदा 'ताई, ताई', आणि नजर आत्याच्या टेबलाच्या खणांवर.

त्या खणांतला सगळ्यात जुना ठसा वेलीचा. एक पान, आणि ठोकळ्याच्या मधोमध आडवं गेलेलं देठ. ठसा ठशाशेजारी उमटवत गेलं की देठाला देठ जुळतं आणि वेल पुढे सरकते. हे पान माझ्या आतोबांनी काढलेलं. ते सुतार नव्हते, चित्रकार तर मुळीच नव्हते. एका दुकानात वजनकाट्यावर बसायचे. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी कुंपणावरचं एक पान तोडून आणलं आणि समोर ठेवून जसंच्या तसं काढलं. पानाला अळीनं भोक पाडलं होतं. त्यांनी भोकही काढलं. आत्या म्हणाली, "चांगलं तरी पान आणायचं." ते म्हणाले, "हेच तर जगलेलं पान आहे." तिनं ते भोकासकट कोरलं. मागचा लाकडी ठोकळाही त्यांनीच कापला, आणि करवत त्यांच्या हातात नेहमी वाहवत जायची, त्यामुळे ठोकळा वरच्या बाजूला अंमळ निमुळता झाला. आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्यानं ठोकळा बदलला नाही.

गेल्या वर्षी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, कोरायचं नाही. मी राहायला आले होते, पण दिवसा मला नोकरी. दुपारचं जेवण धाकटी आणून द्यायची. "ताई, तुम्ही पडून राहा, मी सगळं आवरते," म्हणायची. आवरलं खरंच, अगदी खणांसकट.

पट्टी निघायच्या आधीच आत्याला कळलं. तिनं सवयीनं खण उघडला, वेलीचा ठसा हातात घेतला आणि अंगठा फिरवला.

"ह्याच्या शिरांत काय आहे बघ," ती मला म्हणाली.

पानाच्या कोरलेल्या शिरांत पांढरी भुकटी अडकली होती. मी ती टाचणीनं काढली.

"प्लास्टर," आत्या म्हणाली. "साचा घेतलाय कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे कोण, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी तशीच उठले, वर जाऊन तिच्या झिंज्या उपटायची माझी पूर्ण तयारी होती. आत्यानं मनगट धरलं. "बस खाली. रागात पातं धरलं की आपलंच बोट कापतं."

दोन महिन्यांत दुकानांत पेट्या आल्या. झाकणावर धाकटीचा हसरा फोटो आणि खाली 'माझ्या हातची कला'. आत आत्याचे ठसे: किटली, मांजर, पाखरू आणि वेल. कारखान्यात ओतलेलं लाल रबर, लाकडी ठोकळे आत्याच्या ठोकळ्यांबरहुकूम कापलेले. माप हुबेहूब, अगदी तो निमुळता ठोकळाही तसाच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी पेटी विकत आणली आणि वेल आत्याच्या हातात दिली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. चेहरा इतका वेळ शांत होता, तो एकदम पांढरा पडला.

"हिनं भोक बुजवलं," ती म्हणाली.

तेव्हा मला समजलं की चोरी ती गिळून टाकू शकली असती. चोरलं तर चोरलं, पण वर सुधारलं. आतोबांचं पान धाकटीला दोष असलेलं वाटलं, आणि साच्यातला भोकाचा उंचवटा खरवडून तिनं ते नीट करून घेतलं. त्या दिवसापासून आत्यानं जावेशी बोलणं बंद केलं असेल असं तुम्हाला वाटेल. उलट ती जास्तच गोड बोलू लागली, आणि मला तिची भीती वाटू लागली.

मग शहराच्या सभागृहासाठी नवा पडदा करायचं ठरलं. रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट कापड, आणि खालच्या काठाला हातानं छापलेली वेल. काम धाकटीला मिळालं. ती मिरवत खाली आली.

"ताई, कापडावर कुठली शाई धरेल हो?"

"कापडाचीच घे. कागदाची घेशील तर पहिल्या धुण्यात जाईल," आत्या म्हणाली. "पॅडवर थापून लाव, ठसा शाईत दाबू नकोस, नाहीतर खाचा भरतात. कापडाखाली पातळ फोम घाल. वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरव. आणि ठसे पेट्रोलनं पुसू नकोस, रबर फुगतं. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश बास."

मी आ वासून ऐकत होते. एकूण एक गोष्ट खरी सांगितली तिनं. धाकटी खूश होऊन जिना चढली.

"अगं, तू तर तिला सगळंच देऊन टाकलंस," मी दात ओठ खात म्हणाले.

"विचारलं तेवढं सांगितलं," आत्या म्हणाली. "ठसा कसा धरायचा ते तिनं विचारलं नाही."

आत्याच्या वेलीत एक पान वर बघतं, पुढचं खाली, परत वर, परत खाली. बघणाऱ्याला वाटतं नक्षी आहे. नक्षी नाही ती, तोड आहे. आतोबांचा ठोकळा वर निमुळता. तो तसाच लाकडाला लाकूड भिडवून उमटवत गेलं तर ओळ वर वाकत जाते. म्हणून आत्या प्रत्येक ठशानंतर मनगट फिरवून ठोकळा उलटा धरते. एकदा निमुळती बाजू वर, एकदा खाली. चूक चुकीला खाऊन टाकते आणि वेल सरळ धावते. कार्डावर दोन-तीन पानं उमटवणाऱ्याला हे कधीच कळत नाही. पूर्ण काठ ज्यानं स्वतः छापलाय त्यालाच कळतं, आणि धाकटीनं आयुष्यात रुमालसुद्धा छापला नव्हता. पडद्यासाठी तिनं रोजावर बायका लावल्या. त्यांतली एक म्हणाली होती म्हणे, "बाई, ओळ काठापासून सुटतेय." धाकटीनं सांगितलं, "लाकडाला लाकूड भिडवा, बाकीचं मी बघते." कापड छापत गेलं तसं गुंडाळत गेलं, आणि उलगडून कुणी पाहिलं नाही.

उद्घाटनाला आम्ही पहिल्या रांगेत बसलो. घरचीच माणसं ना. आत्यानं नवा चष्मा लावला होता आणि मांडीवर पिशवी. पडदा हळूहळू बंद होत गेला. डावीकडे वेल काठाला धरून शहाण्यासारखी निघाली. थोडं पुढे गेल्यावर तिनं मान वर केली. मध्यावर ती गुडघ्याएवढी चढली होती, आणि उजव्या टोकाला पोचेपर्यंत सरळ माणसाच्या डोक्यावर गेली. सगळी पानं वर तोंड करून, चकचकीत, बिनभोकाची. पाहुणे मान तिरकी करून बघू लागले. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू पसरत गेलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

धाकटीनं माइक हातात घेतला. चूक झाली म्हणाली असती तर कदाचित आत्या बसून राहिली असती. पण ती म्हणाली, "कापडच तिरकं निघालं. आणि छापणाऱ्या बायका अडाणी, सांगितलेलं ऐकत नाहीत."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सभागृह नवं होतं आणि आवाज छान फिरत होता.

ती उठली, तीन पायऱ्या चढून मंचावर गेली. पिशवीतून जुना ठोकळा काढला, पॅड काढलं, आणि पाहुण्यांसमोरच्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर छापायला लागली. टेकव, दाब, उचल, मनगट फिरव. टेकव, दाब, उचल, फिरव. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल दोरी लावल्यासारखी सरळ गेली. प्रत्येक पानाला भोक.

सभागृहाच्या व्यवस्थापकानं एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "हे ठसे नक्की कुणाचे?"

"कोरलेले माझे. पान माझ्या नवऱ्याचं," आत्या म्हणाली. "हिला विचारा, भोक कुठे गेलं."

धाकटी पडद्यावरची पानं निरखू लागली. भोक बुजवलं होतं तिनंच, पण ते तिथं का होतं हेच तिला कळलं नव्हतं.

पडद्याचं काम आत्याकडे आलं. तिनं त्याच रोजावरच्या बायकांना बोलावलं आणि मनगट फिरवायला शिकवलं. दुकानदारांनी धाकटीच्या पेट्या परत पाठवल्या आणि कळवलं की तुमच्या जाऊबाई हो म्हणाल्या तरच पुन्हा ठेवू. जिन्याखाली पेट्यांची थप्पी लागली. आठवडाभरानं धाकटी आत्याच्या दारात उभी राहिली. रडून आली होती, ते दिसत होतं. मला दया आली नाही.

"ताई, चुकलं माझं. तुमचं नाव लावते झाकणावर. विकू द्या."

"विक की," आत्या म्हणाली. "नाव लाव. आणि सगळ्या पानांना भोक पाड."

"सगळ्या?"

"जेवढी बुजवलीस तेवढ्या. इथं बसून. माझ्या समोर."

तिनं चामड्याला भोकं पाडायचा बारका पोकळ पंच आणि हातोडी धाकटीच्या पुढ्यात ठेवली, आणि शेजारी आतोबांचं मूळ चित्र. पिवळा पडलेला कागद, पेन्सिल अजून ठळक.

तेव्हापासून धाकटी रोज दुपारी खाली येते. पहिली पानं फाटली, पुढची भोकं मोठी झाली, काही देठाच्या फार जवळ गेली. आत्या प्रत्येक ठसा उमटवून बघते, चित्राशी ताडते आणि नापास झालेला कचऱ्यात टाकते. "हे त्यांचं नाही," एवढंच म्हणते. परवा एक पान बरोबर जमलं. धाकटीनं स्वतःच ते चित्राशेजारी धरलं आणि दोन्ही भोकं ताडून पाहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊजींनी हे असं मुद्दाम ठेवलं होतं, होय?"

आत्यानं होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता विरघळणार. ती स्वयंपाकघरात चहा टाकायला आली तेव्हा मी विचारलं, "केलंस का माफ?"

"नाही," आत्या म्हणाली. तिनं तीन कप काढले, आणि जाता जाता जिन्याखालून पुढची पेटी उचलून नेली.