साबण लावलेली नळी

बातमी आली तेव्हा मी छापखान्यात होते. कुणीतरी दारातूनच ओरडून सांगितलं, तुमच्या अण्णांना मार्केटपाशी मोटारीनं उडवलं. धावत गेले तर उडवलं वगैरे काही नव्हतं. मोटार त्यांच्यापासून हातभर अलीकडे थांबलेली, जुनी, हिरवी, कापडी टपाची. तिचा मालक पायरीवर डोकं धरून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेच तेच सांगत होता, "मी धक्का दिला नाही हो. ते आपणहून पुढ्यात आले, हात वर केला, बॉनेट उघडा म्हणाले आणि खाली बसले. बसले ते..." डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अण्णांचा उजवा हात तेव्हाही थोडा उचललेलाच होता, रहदारीच्या पोलिसासारखा.

भेटायला आलेली माणसं घरात हळू बोलत आणि अंगणात उतरल्यावर मोठ्यानं. म्हणत, शेवटी शेवटी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, रस्त्यात उभं राहून परक्यांच्या गाड्या अडवायचे. त्यांचं डोकं फिरलेलं नव्हतं. त्यांना काय झालं होतं ते मी इथे लिहिते आहे. लिहू नकोस, मेलेल्या माणसाची अब्रू जाईल, असं घरातल्या चारचौघांनी बजावलं. मी त्यांच्या बायकोला, राधाक्कांना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिही. वेडा म्हणतात त्यापेक्षा खरं म्हणू देत."

शंकरअण्णा माझे सख्खे काका. आमच्या घरांत काका-काकू म्हणायची रीत नाही. तीनशे वर्षं बेंगळूरच्या बाजूला काढल्यावर अण्णा आणि अक्का आमच्या मराठीत मुरले आहेत; पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते चमत्कारिक वाटेल, वाटू दे. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर घोड्यांची निगा राखायला इकडे आले, असं घरात सांगतात. अण्णा म्हणायचे, "घोडे गेले, मोटारी आल्या, आपण तिथंच. फरक इतकाच की घोडा आजारी पडला तर तोंडानं सांगायचा." चामराजपेटेत घरामागच्या परसात त्यांचं गॅरेज होतं. तिथे नव्या गाड्या यायच्याच नाहीत. वडिलांनी घेतलेली, आजोबांनी घेतलेली, लढाईच्या आधीची, अशा गाड्या यायच्या. त्यांचे मालकही तसेच, धोतर-कोटातले, गाडीला 'ती' नव्हे तर 'त्या' म्हणणारे.

ह्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनापर्यंत एक नळी जाते. काही ठिकाणी धातूची, सांध्यांशी रबराची. रबर म्हातारं झालं की झिरपतं. त्यावर आमच्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे कपडे धुवायचा पिवळा साबण. तुकडा ओला करायचा, अंगठ्यानं मळायचा आणि गळत्या जागी लिंपायचा. पेट्रोलात साबण विरघळत नाही, उलट घट्ट होतो. हे दक्षिणेतल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. अण्णांच्या वडिलांनी हेच केलं, अण्णांनी तीस-चाळीस वर्षं हेच केलं, आणि साबण लावलेली गाडी तिरुपतीला जाऊन परत आली अशा कथा आम्ही जेवताना ऐकल्या.

मग पेट्रोल बदललं. उसाच्या मळीपासून स्पिरिट काढतात, ते पेट्रोलात मिसळून विकायला सुरुवात झाली. परदेशी तेल वाचतं, ऊसवाल्यांना दोन पैसे मिळतात, माझी त्याला हरकत नाही. हरकत ह्याला आहे की ते कुणी सांगितलं नाही. मी एका पंपावर जाऊन विचारलं होतं, ह्यात काय मिसळता?

"अम्मा, मिसळायचं ते वरूनच मिसळून येतं. आम्ही ओततो."

"मग तशी पाटी लावा."

"पाटी लावली तर गिऱ्हाईक समोरच्या पंपावर जाईल."

"समोरच्या पंपावर काय आहे?"

"तेच."

इतक्या शांतपणे तो हे बोलला की मला भांडताही येईना. ह्या स्पिरिटानं जुनं रबर आतून सुटतं. नळी बाहेरून धडधाकट, आत पिठलं. गाड्या चढावर धापा टाकू लागल्या, नळ्या झिरपू लागल्या, आणि अण्णा जास्त जास्त साबण लावू लागले.

वेंकोबाराव वकील दोन गल्ल्या पलीकडे राहत. ते अण्णांचे लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांना अरेतुरे करणारे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक उघडी, लांब गाडी होती. आणि त्यांची विधवा थोरली बहीण, तुंगाक्का. तुंगाक्कांनी अण्णांना कधी सोडलं नाही. पंगतीत त्यांच्या पानाजवळ येऊन नाक मुरडायच्या, "शंकर, तुझ्या हाताला असा वास येतो की कढी पेट घेईल. लांब बस बाबा." अण्णा म्हणायचे, "तुझी कढी पेटली तर तिखटानं पेटेल, अक्का." दर सणाला हेच, आणि दर सणाला दोघं हसायची.

तुमच्याकडे दसऱ्याला सोनं वाटतात. आमच्याकडे त्याच्या आदल्या दिवसाला खरा मान, आयुधपूजेला. त्या दिवशी सुतार करवतीला कुंकू लावतो, शिंपी यंत्राला, आणि मोटारवाले मोटारीला. गाडीला झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, बॉनेट उघडून इंजिनालाही गंध-फूल, आणि शेवटी कापराची आरती. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या त्या आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी वेंकोबाराव गाडी घेऊन परसात आले. नळीचा सांधा झिरपत होता. अण्णा म्हणाले, नळी नवी घालायला हवी, पण दुकानं आता सणानंतरच उघडतील. वेंकोबाराव म्हणाले, "उद्या सकाळी दारात गाडी नसेल तर अक्का मला जेवायला वाढणार नाही. काही कर बा." अण्णांनी साबण लावला. भरपूर लावला. बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. "सरी, ठीक आहे, जा. सण झाला की घेऊन ये."

सकाळी ती गाडी बॉनेट उघडं ठेवून दारात उभी होती. तुंगाक्का आरतीचं ताट घेऊन इंजिनाजवळ वाकल्या...

त्यांनी आठवडाभर इस्पितळात काढला. अण्णा रोज जायचे, व्हरांड्यात उभे राहायचे आणि परत यायचे. तुंगाक्का गेल्यावर गल्लीनं ठरवून टाकलं की कापूर ताटातून पडला, पदर पेटला, दैव. वेंकोबारावांनीही तेच म्हटलं. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, कारण त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास दुसरी एक गाडी परसात आली, अण्णांनीच साबण लावलेली. त्यांनी सांध्यावर अंगठा ठेवला आणि साबण डिंकासारखा ओला, लिबलिबीत, बोटाला चिकटून आला. ते घरात आले आणि राधाक्कांकडे दोन वाट्या मागितल्या. एकीत जुन्या पेट्रोलाच्या जागी स्टोव्हचं रॉकेल ओतलं, दुसरीत दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट. दोन्हींत साबणाचा एकेक तुकडा टाकला आणि स्वयंपाकघराच्या पाटावर मांडी घालून बसले. जेवायला उठले नाहीत. संध्याकाळी रॉकेलमधला तुकडा टणक होता. स्पिरिटातल्याच्या कडा गेल्या होत्या, आणि बोट लावल्यावर उरलेलाही खचला. राधाक्का म्हणाल्या, "टाकू का हे?" अण्णा म्हणाले, "राहू दे." त्या वाट्या पुढे त्या घरात कुणी जेवायला वापरल्या नाहीत.

त्या दिवसापासून अण्णा साबणाला शिवले नाहीत. हाताचं काळं तेल ते राखेनं घासून काढत. घरात कापूर बंद झाला, राधाक्का तुपाची वात लावू लागल्या. बोलता बोलता ते मध्येच थांबत, मान जराशी वळवत आणि विचारत, "वास येतोय?" मी म्हणे, नाही. ते म्हणत, "बरं." आणि मग तोडलेलं वाक्य कधीच पुरं होत नसे.

मी तेव्हा पत्रक लिहिलं होतं. पेट्रोलात स्पिरिट, पंपावर मौन, असा मथळा. अण्णांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "सगळं खरं आहे. पण हे वाचून माणूस चिडेल, आणि चिडून घरी जाईल. नळी तीच राहील."

"मग चिडायचं नाही?"

"चीड ना. पण आधी बॉनेट उघडायला सांग. स्पिरिट काही जात नाही, पोरी. नळी जायला हवी." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आणि साबण कुणी लावला, ते ह्यात नाही."

मी म्हटलं, "ते वेंकोबारावांना तुम्ही सांगायचं. पत्रकातून कळायची गोष्ट नाही ती."

त्यावर ते उठून परसात गेले. आणि मग सुरू झालं ते लोकांनी वेड म्हटलेलं काम. आजवर ज्या ज्या गाडीला त्यांनी साबण लावला होता ती शोधायची, साबण खरवडायचा, रबर कापून टाकायचं आणि तांब्याची नळी बसवायची. तांब्याची नळी आधी लाल होईस्तो तापवून पाण्यात विझवायची, की ती मऊ पडते. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीभोवती तिला दोन वेढे द्यायचे, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं ती तडकत नाही. जिथे रबर लागेलच तिथे तेलाला टिकणारं नवं रबर, तेही दर वर्षी बदलायचं. मालक कुरकुरत. एका रावसाहेबांनी सुनावलं, "ही नळी आमच्या वडिलांनी घातलेली आहे." अण्णा म्हणाले, "मग देवघरात ठेवा. गाडीत नको." जे येत नसत त्यांना ते रस्त्यात गाठत. लांबूनच इंजिनाचा आवाज ओळखत, आणि भर रहदारीत हात वर करून उभे राहत.

फक्त एका गाडीपुढे ते कधी उभे राहिले नाहीत. वेंकोबारावांनी ती रंग देऊन, नवं रबर घालून पुन्हा चालू केली होती, दुसऱ्याच कुणाकडून. रस्त्यात ती दिसली की अण्णा मला हाताला धरून दुकानाच्या आड नेत. ह्या माणसाला रस्त्यावर कशाची भीती नव्हती, आणि एका मित्राच्या ओसरीची होती.

गेल्या वर्षी एका दुपारी ते मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. काही बोलू नकोस." आम्ही वेंकोबारावांच्या पुढच्या खोलीत बसलो. कॉफी आली. अण्णांनी पेला हातात घेतला नाही. म्हणाले, "वेंकोबा, कापूर पडला नव्हता. पेट्रोल झिरपलं होतं. माझा साबण विरघळला."

वेंकोबारावांनी आपला पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"त्याच दिवाळीला."

"ताट मी दिलं होतं तिच्या हातात," वेंकोबाराव म्हणाले. "ती म्हणाली, तू ओवाळ. मी म्हटलं, तुझा मान. इतकी वर्षं मी रोज ते ताट देतोय, शंकर. आणि तुला माहीत होतं." आवाज चढला नव्हता. "साबणाचं जाऊ दे. तो मीच लावून मागितला. पण मला एकट्याला बसवून ठेवलंस तू इथे. जा आता."

अण्णा उठले. दारात थांबून म्हणाले, "नळी तेवढी बदलू दे मला." पुढच्या वर्षभरात अण्णांनी दोनदा निरोप पाठवला. गाडी आली नाही. ते गेले त्या दिवशीही वेंकोबाराव आले नाहीत.

दिवसवार संपल्यावर मी परसाला कुलूप लावायला गेले, तर ती लांब गाडी फाटकातून आत येत होती. वेंकोबाराव स्वतः चालवत होते. उतरले, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "मी माफ-बिफ करायला आलो नाही. नळी बदलायचीय." मी म्हटलं, आता कोण बदलणार? ते म्हणाले, "तू पाहिलंयस ना त्याला करताना?"

पाहिलं होतं. भिंतीवर खिळ्याला एक तांब्याची नळी टांगलेली होती, दोन वेढे दिलेली, दोन्ही टोकांना चिंधी बांधलेली. ती कुठल्या गाडीची, हे मी कधी विचारलं नव्हतं. लावून पाहिली. बोटभर लांब निघाली. अण्णांनी गाडी जवळून न पाहता, नुसत्या आठवणीनं माप धरलं असणार. मी ती जराशी वाकवून घेतली आणि सांधे आवळले. मी कापून खाली टाकलेलं जुनं रबर वेंकोबारावांनी उचललं, त्याच्या तोंडातून आत पाहिलं आणि बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. ते त्यांनी धोतराला पुसलं नाही, तसंच धरून ठेवलं.

काम झालं की अण्णा लगेच इंजिन चालू करू देत नसत. सांध्याखाली कोरा कागद धरत, माझ्या पत्रकांपैकी एखाद्याची पाठ, आणि कागदावर डाग उमटतो का ते पाहत नुसते उभे राहत. त्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी कागद धरला. वेंकोबाराव शेजारी वाकले. परसात आवाज नव्हता. कागद कोरडा होता... मी हात मागे घेऊ लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"अजून स्वल्प थांब," ते म्हणाले.

आम्ही थांबलो.