राणी छाप सायकल आणि होटगीची शर्यत

माझ्यासाठी बायको पसंत करायला आमच्या आप्पांना एक दुपार पुरली. सायकल पसंत करायला मात्र अख्खा श्रावण गेला.

त्या काळी सोलापुरात घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर लोकांचा विश्वास जास्त. आप्पा गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर होते. हाताखाली शंभर विणकर असल्यामुळे आपला आवाज मागांच्या खडखडाटावरूनही ऐकू गेला पाहिजे, असं त्यांना वाटे. घरात माग नव्हता, पण आवाज तोच! मी त्याच गिरणीच्या दुकानात हातात गज घेऊन कापड मोजत असे.

त्या साली आमच्या पेठेतल्या तालमीनं गणपतीत सायकलींची शर्यत ठेवली. किल्ल्याच्या मैदानापासून होटगी स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं. शेजारच्या विणकरांच्या व्यंकटीनं नाव दिलं, म्हणून मीही दिलं. आपल्याकडे सायकल नाही, ही गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली.

"आप्पा, सायकल घ्यायचीय."

"कशाला?"

"शर्यतीला."

"आन् हरलास म्हंजे?"

"मग गिरणीत जायला वापरीन."

"आन् जिंकलास तर?"

"तरी गिरणीतच जायला!"

हा मुद्दा आप्पांना पटला. आता सायकल कोणत्या कंपनीची घ्यायची एवढाच प्रश्न उरला. त्यांनी मंगळवेढ्याला निरोप धाडून तुकामामाला बोलावून घेतलं. तुकामामा म्हणजे आईचा भाऊ. घरची शेळ्यामेंढ्यांची खांडं, ज्वारीचं रान. चार पायांच्या वस्तूतलं त्याला सगळं कळतं, असा आमच्याकडे समज होता. (सायकलीला दोनच चाकं असतात हे आईनं सांगून पाहिलं. "मग निम्मं तरी कळंल की!" असं आप्पा म्हणाले.)

अब्बासभाईंचं दुकान मधल्या मारुतीच्या पुढं. तिथं विलायती सायकली रांगेनं उभ्या असत. पुढच्या नळीवर ज्या-त्या कंपनीचा पितळी बिल्ला, आणि त्यावर काही ना काही चित्र. इंग्रजी नावं वाचणार कोण? गावात हरीण, हत्ती आणि घुबड याच तीन कंपन्या प्रसिद्ध होत्या.

व्यंकटी मला आधीच बजावून गेला होता, "नागण्णा, रेसला हरीणच घे. लई हलकं. हँडल बघ, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वाकलेलं. मी तेच घेतलंय." मी दुकानात शिरल्याबरोबर हरणावर हात ठेवला.

आप्पांनी त्या हँडलाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "अब्बासभाई, ह्ये उलटं बसवलंय की!"

"नै मियाँ, ऐसाच रैता. रेस का है."

"म्हंजे शर्यतभर खाली मान घालून जायचं? आमच्या घराण्यात कुणी मान खाली घातली न्हाई!"

मामानं हरणाभोवती एक फेरी मारली. "असल्या शिंगाचा मेंढा टकरीला चांगला, भाऊजी. पळाय न्हाय." झालं! हरीण बाद.

घुबड आप्पांनी लांबूनच नाकारलं. "सकाळी उठून पयलं ह्याचं तोंड बघायचं?" हत्ती मात्र त्यांना आवडला, कारण तो दोघांना मिळून उचलेना. जड म्हणजे मजबूत, असा त्यांचा हिशेब. मामा म्हणाला, "थांबा, दात बघू." आणि त्यानं साखळीच्या चाकाच्या दातांत खरोखर बोट घातलं! त्याच क्षणी आप्पांनी, पाय कसे टाकतो ते बघायला, पायडल फिरवलं. मामाचं बोट बाहेर काढायला अब्बासभाईंना अर्धी बुधली तेल ओतावं लागलं. मामाच्या तोंडून तेवढ्या वेळात एकच वाक्य आलं. "दात... चांगले... हायती!"

माणसाचं बोट चावतो म्हणून हत्तीही बाद झाला. असा श्रावण चालला. दर रविवारी आम्ही दुकानात जायचो, चहा प्यायचो, एखादी कंपनी नापास करून परत यायचो. शेवटी अब्बासभाईंनी कंटाळून (किंवा सूड म्हणून) मागच्या खोलीतून गोणपाटाखालची एक सायकल काढली. एका गोऱ्या साहेबानं मागवलेली, पण ती आली त्या आठवड्यात त्याची बदली झालेली.

"ये देखो. साब के घर का माल. हवा है हवा! ऐसी सायकल पूरे सोलापूर में दूसरी नै."

हे शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

बिल्ल्यावर मुकुट घातलेल्या राणीचं तोंड होतं. आप्पांनी ते बघून मांडीवर थाप मारली. "राणी छाप रुपया चालतो, तर सायकल का चालणार न्हाय?" आणखी काय काय होतं! हँडल उंच, म्हणजे मान ताठ. मधली आडवी दांडी मुळी नव्हतीच. "दांडी न्हाय म्हंजे वजन कमी," आप्पा म्हणाले. "आन् धोतर बी अडकायचं न्हाय," मामानं जोड दिली. साखळी पत्र्याच्या डब्यात पार झाकलेली, म्हणजे कुणाचं बोट जायला नको. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी रंगीत दोऱ्यांची जाळी. ती बघून मामा गहिवरलाच. "घोड्याला झूल घालत्यात तशी घातलीया!" पुढं एक वेताची परडी. तिचा शर्यतीला काय उपयोग ते कुणाला सांगता येईना, पण फुकट येते म्हटल्यावर कुणी विचारलंही नाही.

खरं सांगतो, मलाही ती फार आवडली. पाय वर न उचलता कसं सहज बसता येई!

शर्यतीच्या आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी मैदानावर सारी पेठ लोटली. पाहुण्या म्हणून मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण बाई आल्या होत्या. पुण्याच्या, नाकावर चष्मा, आणि तोंडी असलं शुद्ध मराठी की तालमीचे पैलवान त्यांच्याशी बोलायच्या आधी घसा खाकरत. एका बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांत आई, आणि डोक्यावरून पदर घेतलेली माझी बायको कमळा. आईनं परडीत चटणी-भाकरी बांधून दिली होती. शिट्टी झाली, सगळे हरीणवाले मान खाली घालून सुटले, आणि मी त्यांच्या मागून, वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ बसून निघालो.

होटगीपर्यंत मी सगळ्यांत शेवटी होतो. येताना मात्र काळ्या मातीनं आपले गुण दाखवले. मोटारगाड्यांनी रस्त्याचा गारा केला होता. हरणांच्या बारीक चाकांत तो चिखल बसला, साखळ्या भरल्या, एकेक हरीण जाग्यावर रुतलं. माझी साखळी डब्यात सुखरूप! जाळीमुळे चाकातही काही जाईना. मी घंटी वाजवत एकेकाला मागं टाकत गेलो. व्यंकटी तर सायकल खांद्यावर घेऊन चालला होता. शर्यतीची सायकल हलकी असावी म्हणतात ते खोटं नाही. खांद्याला बरी पडते.

"नागण्णा, थांब की रे!" तो ओरडला.

मी परडीतली अर्धी भाकरी त्याला दिली आणि पुढं गेलो.

मैदानावरून मी लांबून दिसलो तेव्हा, लोक सांगतात, हेडमास्तरीण बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. चिखलानं मी डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा झालो होतो. फेटा सुटून त्याचा पदर झाला होता. बाईंनी चष्मा पुसला, आणि टाळ्या वाजवत साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शाब्बास! अहो पाहा, पाहा! सोलापुरात शर्यतीत उतरणारी एक तरी स्त्री निघाली! आणि तीही पहिली!"

मी दोरी तोडली.

बाई हार घेऊन पुढं आल्या, आणि माझी मिशी बघून हार तसाच हातात राहिला. "तुम्ही पुरुष आहात?"

"हो," मी म्हणालो. (इतक्या लोकांसमोर दुसरं काय सांगणार?)

"मग बायकांच्या सायकलीवर काय करताय?"

त्यानंतर जे हसू उठलं ते म्हणे गिरणीच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. दांडी का नाही, जाळी कशाला, परडी कशाला, सगळं बाईंनी शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. जाळी लुगड्यासाठी होती. व्यंकटीच्या बाजूचे पैलवान ओरडू लागले, "बायकांच्या सायकलीवरचा नंबर धरायचा न्हाय!"

तुकामामानं धोतराचा काचा मारला आणि मधे उडी घेतली. "का धरायचा न्हाय? म्होरं पळणारं जनावर शेळी हाय का बोकड, ह्ये वाकून बघता व्हय तुमी?"

पंचांनी वही उघडली आणि माझा नंबर धरला. (मला शेळी म्हटलं की बोकड, ते मी अजून मामाला विचारलेलं नाही.) बाई हसून म्हणाल्या, "नंबर यांना द्या. पण माझ्याकडून एक चांदीची वाटी, या सायकलीच्या मालकिणीला. घरातलं कोण चालवतं ही?"

चांदी म्हटल्यावर आप्पांचा आवाज मागावरचा झाला. "सून चालवती की! रोज! कमळेऽ, ये म्होरं!"

कमळेला बायकांनी ढकलत पुढं आणलं. तिनं जन्मात सायकलीला हात लावला नव्हता.

"वा!" बाई म्हणाल्या. "जरा चालवून दाखवता?"

आप्पा आभाळाकडे बघायला लागले. मी चिखल पुसायला लागलो. आता साऱ्या पेठेत घराण्याची अब्रू जाणार! पण कमळा करकंबची, तोंडावर बोलणाऱ्या गावची. तिनं पदर सावरला आणि सरळ बाईंच्या तोंडाकडे बघितलं. "मला येत न्हाय. मामंजी खोटं सांगत्यात. पर तुमी शिकवत असाल तर वाटी मागनं द्या. मी शिकून घीन."

बाईंनी हातातला तो हार, जो माझ्यासाठी होता, तिच्या गळ्यात घातला.

सोमवारपासून कमळा शाळेच्या मैदानावर जाऊ लागली. सीट धरून मागून पळायचं काम माझ्याकडे. ती तीनदा पडली, तीनही वेळा माझ्यावर. दिवाळीच्या आत ती एकटीनं मैदानाच्या फेऱ्या घालू लागली आणि वाटी घरी आली. पुढं ती त्याच शाळेत मुलींना शिकवण्याचं काम शिकायला लागली. सकाळी तिला सायकल, मला पायवाट. ती गिरणीवरून जाताना आप्पांनी फाटकापाशी आधी दोन दिवस तोंड लपवलं, तिसऱ्या दिवसापासून, "ती बघा आमची सून!" म्हणून विणकरांना बोलावून दाखवू लागले.

एकदा तिला ताप होता म्हणून मी ती सायकल घेऊन निघालो. नाक्यावरच्या पोलिसानं मला अडवलं. "ए, ही तर त्या शाळेतल्या बाईंची सायकल! कुटनं चोरलीस?"

"अहो, मी त्यांचा नवरा."

"समदे चोर असंच सांगत्यात. चल!"

दंडाला धरून त्यानं मला भर दुपारी घरापर्यंत आणलं. निम्मी पेठ मागून आली. कमळा घोंगडी पांघरून दारात आली.

"बाई, ही सायकल तुमची का?"

"व्हय, माझीच," ती चटकन म्हणाली.

"आन् हा मानूस?"

कमळेनं मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं, आणि म्हणाली, "सायकल आत लावा. ह्या मानसाचं जरा इचार करून सांगते!"