गिरीराज नाव कुणी ठेवलं

माणूस गेला की त्याचे किस्से वाढत जातात. उल्हासनगर कॅम्प चारच्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात चहा आला की कुणीतरी दादाचा किस्सा काढतंच. सगळे हसतात. माझं डोकं फिरतं. खड्ड्यात बाइक गेली, माझा भाऊ गेला, आणि ह्यांना अजून त्याच्या नावाचं हसू येतं!

दादाचं नाव गिरीराज. कोंबडीच्या एका जातीचंही तेच.

*

आम्ही दोघे एकाच दिवशी कामाला लागलो. शेठने विचारलं, "नाम क्या?"

"गिरीराज."

"अरे वा! अंडा कितना देगा?"

दादा म्हणाला, "जितना पगार, उतना!"

शेठसकट अख्खा कारखाना हसला. दादापण! मी एकटाच दातओठ खात उभा.

*

बदलापूरला एका चिकनच्या दुकानावर पाटी होती, 'गिरीराज मिळेल'. आमच्या शिलाईवाल्या सुन्याने दादाला त्या पाटीखाली उभं करून फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मी सुन्याची कॉलर धरली. "गिरीराज म्हणजे डोंगरांचा राजा! आजोबांनी ठेवलंय नाव!"

दादा मधे पडला. "सोड त्याला. फोटो चांगला आलाय."

*

दादाला स्थळ आलं. मुलीच्या मामाने हसत विचारलं, "हे नाव कुणी शोधलं?" आई तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, तिचा अपमान झाला. मामाला मी चहाच्या आधीच हाकललं. स्थळ गेलं.

दादा म्हणाला, "बरं झालं. मामा फार बोलत होता."

*

दहाव्याला उल्हास नदीवर सगळा कारखाना आला. पिंड ठेवला. कावळे झाडावर, खाली एक येईना.

काका म्हणाले, "गिरी, तुझ्या आईला सांभाळू रे." नाही.

सुन्या रडत म्हणाला, "तो फोटो डिलीट करतो, भावा." नाही.

मी ओरडलो, "दादा, तुला कोण कोंबडा म्हणेल त्याचे दात पाडीन!" होते ते कावळेही उडाले.

तेव्हा आई पुढे आली. "माझे पाड आधी. नाव मी ठेवलंय."

ती पिंडाकडे बघत बोलत राहिली.

"ह्याच्या आधीची माझी दोन गेली. त्या वर्षी मानमोडीचा रोग आला, आपल्या चामटोली गावातल्या साऱ्या कोंबड्या मेल्या. आपला एक गिरीराज कोंबडा तेवढा जगला. लोक धोंडू ठेवतात, दगडू ठेवतात. मी हे ठेवलं. म्हटलं, पोर जगेल."

मग ती पिंडाजवळ वाकली आणि अंगणात दाणे टाकताना कोंबड्यांना घालते तशी हाक घातली, "आ... आ... आ..."

कावळा खाली आला.